हातचा एक

१

मास्तरांचं सगळं आयुष्य माणसं मोजण्यात गेलं. लोक म्हणायचे, वा, काय नशीब काढलंय, रोज कोमट समुद्र, रोज रंगीत मासे, रोज प्रवाळ! मास्तर हसून सोडून द्यायचे. मासे बघतंय कोण? हौशी माणसांना घेऊन पाण्याच्या पोटात उतरणारा माणूस एकच गोष्ट बघतो. सहा खाली नेले, सहा आहेत ना? मान वळवायची, मोजायचं, चार हात पुढे जायचं, पुन्हा मान वळवायची. एकोणीस वर्षांत ही खोड इतकी मुरली की बाजारातसुद्धा ते सारखे मागे वळून बघायचे आणि भाजीवाली विचारायची, "कोण यायचंय का मास्तर?"

कोणी यायचं नव्हतं. बायको अकरा वर्षांपूर्वी लेकीला घेऊन दूरच्या शहरात निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. "तुम्हाला पाणी पुरतं, आम्हाला नाही पुरत," एवढंच म्हणाली आणि गेली. तेव्हापासून सिलिंडरमध्ये हवा भरायचं यंत्र जिथे होतं, त्याच्या वरच्या खोलीत मास्तर एकटे राहायचे. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्यांना टांगलेले ओले सूट. खालचं यंत्र चालू असलं की खोली थरथरायची, आणि बंद झालं की इतकी गप्प व्हायची की मास्तर मुद्दाम भांडी आपटायचे.

कामात सोबत होती ती होडी चालवणाऱ्या तांडेलाची. दोघांची एक पद्धत ठरलेली. खाली मास्तर डोकी मोजायचे आणि वर तांडेल बुडबुडे. पाण्याखाली प्रत्येकाच्या श्वासाच्या बुडबुड्यांचा एक खांब तयार होतो आणि वर येऊन फुटतो. सात माणसं खाली, तर सात खांब. मास्तर सगळ्यात शेवटी शिडी चढायचे आणि चढताचढता ओरडायचे, "डोकी सहा!" तांडेल म्हणायचा, "आणि तुमचे बुडबुडे धरून सात!" आकडा जुळला की मगच इंजिन सुरू व्हायचं. एकोणीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता, आणि मास्तरांना या एकाच गोष्टीची घमेंड होती.

२

बुडालेलं जहाज अठरा मीटरवर होतं. कधी बुडालं, कसं बुडालं, असं कोणी विचारलं तर मास्तर म्हणायचे, "मी होतो का तिथे?" मालवाहू जहाज होतं आणि सरळ उभं बसलं होतं, एवढं खरं. कठड्यांवर प्रवाळ चढलेलं, शिडाच्या खांबासारख्या उभ्या डोलकाठीभोवती पिवळ्या माशांचे थवे. कुशीला एक मोठं भगदाड पडलेलं. त्यातून आत शिरलं की मालाची कोठी लागायची, आणि कोठीच्या वरच्या चौकोनी तोंडातून बाहेर निघायचं. त्या तोंडातून उजेड खाली पडायचा, बरोबर एका खोलीएवढा. मास्तर सगळ्यांना त्या उजेडात उभं करायचे आणि मोजायचे. कोठीत प्रवाह नाही, आवाज नाही, फक्त आपापला श्वास घरघरतो.

त्या दिवशी पाच जण नेले होते. मोजले तर सहा भरले.

मास्तरांनी पुन्हा बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि तो, उजेडाच्या कडेला, भिंतीला लागून उभा असलेला. भाड्याचे सूट सगळे काळे, मास्क सगळे एकसारखे. पाण्याखाली सगळी माणसं एका माळेचे मणी, त्यात कोण कोणता ते कळणार कसं? दुसऱ्या होडीतला एखादा चुकून आला असेल, असं म्हणून मास्तर निघाले. नांगराच्या दोरावर मोजले तेव्हा पाच होते. शिडीवरून ओरडले, "डोकी पाच!" तांडेल म्हणाला, "धरून सहा!" सगळं यथास्थित.

दुसरी होडी त्या दिवशी आलीच नव्हती. आणि त्या सहाव्याच्या डोक्यावर बुडबुडे नव्हते, हे मास्तरांना संध्याकाळी चहा गाळताना आठवलं आणि अर्धा चहा गाळणीबाहेर गेला.

३

मास्तर काही भोळसट नव्हते. त्यांनी आधी मास्क बदलला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि आडवळणानं विचारलं, एकाच्या जागी दोन दिसू शकतात का, म्हणजे, चाराच्या जागी पाच? डॉक्टरांनी नंबर काढून दिला आणि म्हणाले, "वयानं माणसाला कमी दिसायला लागतं मास्तर, जास्त नाही."

तांडेलाला सांगितलं तर त्यानं उडवूनच लावलं. "अहो खोलात गेलं की डोकं हलकं होतं. आमच्या मेव्हण्याला दोन पेले झाले की दोन बायका दिसतात, मग बसतो रडत. तुम्हाला एकच जास्त दिसतोय ना? सुखी आहात!"

"आणि वरून? तुला खांब किती दिसतात?"

"जेवढी माणसं तेवढेच. एक जास्त नाही, एक कमी नाही."

मग झालं तर. वरचा आकडा बरोबर, दोरावरचा बरोबर, होडीतला बरोबर. फक्त कोठीत, त्या उजेडात, एक जास्त. कधी दोन नाहीत, कधी रोजच्या जागेवरून हललेला नाही. माणूस कशालाही सरावतो. शाळेत बेरजेत हातचा एक धरतात, तसा मास्तरांनी हा हातचा एक धरला. सात दिसले की सहा म्हणायचं. आठ दिसले की सात. महिन्याभरात हे इतकं अंगवळणी पडलं की वजाबाकी करतोय हेही त्यांच्या लक्षात येईना.

आणि खरं सांगायचं तर त्यांना तो हवाहवासा वाटायला लागला. गिऱ्हाईक एका दिवसाचं. पाण्याखाली हात घट्ट धरणारा माणूस दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात ओळखसुद्धा दाखवत नाही. हा मात्र रोज जागेवर. मास्तर कोठीत शिरताना मनातल्या मनात म्हणायचे, काय, बरंय ना? जगात एवढं विचारण्यासारखं त्यांना दुसरं कोणी नव्हतं, हे वाईट आहे, पण होतं तसं होतं.

४

पाण्याखाली अंगठा दाखवला तर त्याचा अर्थ 'छान' असा होत नाही. नवखी माणसं हमखास इथे चुकतात. अंगठा म्हणजे चला, वर. हा हुकूम असतो. कोणीही दाखवो, अगदी काल शिकलेल्यानं दाखवला तरी त्यात का-कू नाही. समोरच्यानं आपला अंगठा दाखवून 'समजलं' म्हणायचं आणि वर निघायचं. मास्तर हे प्रत्येकाकडून तीन-तीनदा घोकवून घ्यायचे.

त्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला होता. "बाबा, यंदाही नाही जमणार हो. ऑफिसात सुट्टी नाही देत. तुम्ही रागावू नका." लहानपणी ती 'ए बाबा' म्हणायची. आता 'अहो-जाहो' करत होती. मास्तर म्हणाले, "रागावतोय कशाला, काम आधी." फोन ठेवला आणि सूट चढवला.

कोठीतून चौघांना एकेक करून वर सोडलं. मास्तर शेवटचे. चौकोनाखाली पोचले आणि सवयीनं मान वळली. तो भिंतीपाशी उभा होता. एकटा. दारावरून जाणाऱ्याला आपण 'या चहाला' म्हणतो ना, तो येणार नाही हे ठाऊक असतं, पण जिभेला राहवत नाही, तसंच काहीसं झालं. मास्तरांनी त्याला अंगठा दाखवला. चल बाबा, वर.

क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीपाशी, काळ्या बाहीच्या टोकाला, एक अंगठा सावकाश उभा राहिला.

मास्तर तीरासारखे वर निघाले. त्यांचंच त्यांना हसू आलं नंतर. पन्नाशीचा बाप्या, आणि एका अंगठ्याला घाबरून पळाला!

पुढच्या बुडीला कोठीत मोजले तर बरोबर भरले. त्याच्या पुढच्यालाही. तीन आठवडे जहाजावरची मोजणी तंतोतंत येत राहिली. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि शेजारी घर सोडून गेल्यावर वाटतं तसं थोडं उदासही वाटलं.

५

मग एकाएकी लेकीचा फोन. "सुट्टी मिळाली. येतेय. चार दिवस."

मास्तरांनी खोली धुऊन काढली. खाट तिला दिली, आपण चटईवर. तेवीस वर्षांची पोर, आईसारखी उंच, बापासारखी मान वाकडी करून बघणारी. मास्तर तिला लहानपणी 'ठमे' म्हणायचे. पहिल्या दिवशी तोंडातून तेच निघालं. मग ती हसली. म्हणाली, "ठमीच म्हणा. बाकी कोणी म्हणत नाही."

पोहायला ती पक्की होती आणि बुडी मारायचं प्राथमिक शिक्षण शहरातल्या तलावात घेऊन आली होती, हे तिनं आल्यावरच सांगितलं. बापाला चकित करायचं होतं म्हणे. मास्तर इतके चकित झाले की त्यांनी पुढच्या दोन दिवसांची सगळी गिऱ्हाइकं तांडेलाकरवी परत पाठवली. तो ओरडला, "धंदा बुडवणार तुम्ही!" मास्तर म्हणाले, "बुडवणं हाच आपला धंदा."

आठ मीटरवरच्या प्रवाळात त्यांनी तिला फिरवलं. समुद्रात नवखी, पण घाबरट नाही. सावकाश श्वास घ्यायची, थोडं थांबायची, मग बुडबुडे एका झुबक्यात सोडायची. "एक ध्यानात ठेव," मास्तरांनी बजावलं होतं, "चुकामूक झाली तर जागची हलू नकोस. मी येतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डोळे चोळत म्हणाली, "बाबा, अरे तू झोपेतपण मोजतोस!" मास्तर स्टोव्हकडे वळले आणि उगाच वात वरखाली करत बसले, कारण डोळे भरून आले होते. 'तू' म्हणाली होती.

त्याच दिवशी प्रवाळात ते पुढे आणि ती मागे असे चालले होते. मान वळली. एक मोजायचा होता.

दोन भरले.

दुसरा तिच्या बराच मागे होता, पाणी जिथे धुरकट होतं तिथे, पण अगदी तिच्याच उंचीवर. अठरा मीटरवरचा माणूस आठ मीटरवर आला होता. मास्तरांनी लेकीला अंगठा दाखवला. तिनं आपला अंगठा दाखवून 'समजलं' म्हटलं. तिच्यामागे, धुरकट पाण्यात, आणखी एक अंगठा उभा राहिला.

"एवढ्यात का वर आलो?" होडीत तिनं विचारलं.

"हवा कमी होती," मास्तर म्हणाले. तिच्या सिलिंडरचा काटा अर्ध्यावरसुद्धा आला नव्हता.

६

शेवटच्या दिवशी तिनं हट्ट धरला. जहाज बघायचं. मास्तर नाही म्हणाले, नवख्याचं काम नाही म्हणाले, पाणी गढूळ आहे म्हणाले. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा कुठे असतो गं? तर ती म्हणायची, त्याच्या जहाजापाशी. मला वाटायचं, असं काय आहे त्या जहाजात, जे आमच्यात नव्हतं? एकदा बघू दे. मग पुढच्या वर्षी महिनाभर येईन, हवं तर."

महिनाभर! मास्तर विरघळले. शिवाय मनाशी त्यांनी हिशेब मांडला तो असा: ते जे काय दिसलं ते प्रवाळात दिसलं. जहाजावर तर तीन आठवडे मोजणी चोख येतेय. म्हणजे जहाजच बरं. माणूस आगीतून फुफाट्यात पडतो तो असा नीट विचार करूनच.

लेक धरून सहा जण. कोठीत जायचं नाही, वरच्या डेकवरच फिरायचं, हे होडीतच बजावलं. खाली गेल्यावर मोजले. सहा. डोलकाठीपाशी मोजले. सहा. ठमी कठड्याला धरून प्रवाळाकडे बघत होती आणि मधेच वळून बापाकडे बघत होती. मास्कमागे ती हसतेय हे मास्तरांना कळलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मासे बघितले.

आणि तेवढ्यात सहातला एक, तो कॅमेरावाला, एका मोठ्या माशामागे कोठीच्या तोंडातून सरळ आत गेला. मास्तरांनी मनात कचकचीत शिवी हासडली. उरलेल्या पाचांना नांगराच्या दोरापाशी आणलं, हातांनी खूण केली, धरून ठेवा, हलू नका, आणि ते कोठीत उतरले. कॅमेरावाल्यानं तळाचा गाळ उडवून ठेवला होता. हाताला हात दिसेना. चाचपडत त्याच्या पायातला फिन सापडला. ओढून बाहेर काढायला दोन मिनिटं गेली असतील, फार तर तीन.

दोरापाशी गाळाचं पाणी पसरलं होतं. त्यात काळ्या आकृत्या दोर धरून उभ्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि हातात धरलेला हा सहावा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. अंगठा दाखवला. सहा अंगठे वर झाले. वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तिथे पुन्हा मोजले. सहा. एक जास्त नाही, एक कमी नाही. हातचा नव्हता.

७

"डोकी सहा!" शिडीवरून मास्तर ओरडले. आवाजात आनंद मावत नव्हता.

तांडेल काठाशी उभा राहून पाण्याकडे बघत होता.

होडीत नेहमीचा गोंधळ. कोणी सिलिंडर उतरवतंय, कोणी पाणी पितंय, कॅमेरावाला सगळ्यांना माशाचा फोटो दाखवतोय आणि मास्तरांची नजर चुकवतोय. मागच्या टोकाला, सकाळी ठमी बसली होती त्याच फळीवर, एकजण पाठ करून बसला होता. सिलिंडर पाठीवर तसंच, मास्क तसाच, नळी तोंडातच.

"ठमे, काढ आता ते. आलो आपण वर," मास्तर म्हणाले.

मान हलली नाही. उलटी होतेय की काय हिला, म्हणून मास्तर फिन्स काढून मागे निघाले. तेवढ्यात तांडेलानं त्यांचा दंड धरला.

"मास्तर, सगळे आलात ना?"

"सहा आणि मी. मोज की!"

"मोजले. सातही जण होडीत आहेत." तांडेलानं बोट केलं. "मग ते काय आहे?"

जहाजाच्या वर, होडीपासून वीस हातांवर, पाण्यावर बुडबुडे फुटत होते. एक झुबका. थोडं थांबून दुसरा झुबका. सावकाश, न घाबरता. हा श्वास मास्तरांनी तीन दिवस ऐकला होता.

त्यांनी मागच्या फळीकडे बघितलं. बसलेल्यानं आता तोंड थोडंसं वळवलं होतं. चेहरा दिसला नाही. मास्कच्या काचेआड पाणी होतं, आतून, काठोकाठ, आणि होडी डुलली तसं ते आतल्या आत डुललं.

मास्तरांनी नळी तोंडात कोंबली आणि फिन्सशिवायच उडी टाकली.

८

ठमी कोठीत होती. उजेडाच्या कडेला, भिंतीला लागून, दोन्ही हात छातीशी धरून शांत उभी. बापाला बघून तिनं बोटांचं वर्तुळ करून 'ठीक आहे' अशी खूण केली. मास्तरांनी तिच्या काट्याकडे बघितलं. तो लाल पट्ट्याच्याही खाली टेकला होता. चार श्वास असतील, पाच असतील. आपली दुसरी नळी तिच्या तोंडात देऊन, तिला कवटाळून त्यांनी वर आणलं, आणि वर आल्यावरही किती तरी वेळ सोडलं नाही. तांडेलानं दोघांना ओढून घेतलं तेव्हा मास्तर लहान मुलासारखे रडत होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

मागची फळी रिकामी होती. ओली होती, पण होडीत सगळंच ओलं असतं. "मघाशी इथे कोणी तरी बसलं होतं ना?" कॅमेरावाला म्हणाला. कोणी धड बघितलं नव्हतं. तांडेल म्हणाला, "मी पाण्याकडे बघत होतो," आणि त्यानं विषय बंद केला.

टॉवेल गुंडाळून बसलेली ठमी हळूच म्हणाली, "किती वेळ थांबवलंस रे बाबा!"

"मी?"

"मग कोण? त्या गढूळ पाण्यात तूच नाही का आलास? हात धरून आत नेलंस. इथे थांब, अशी खूण केलीस. तूच म्हणाला होतास, जागची हलू नकोस. मी नाही हलले." ती शहाण्या मुलीसारखी बापाकडे बघत होती. "तूच होतास ना?"

आता खरं सांगायला हवं होतं. मास्तरांना ते कळत होतं. पण खरं सांगितलं तर पोर घाबरेल. घाबरली तर पुढच्या वर्षी महिनाभर काय, चार दिवससुद्धा येणार नाही. अकरा वर्षांनी आलेली. मास्तरांनी तिच्या डोक्यावरचा टॉवेल सारखा केला.

"मीच होतो गं. चुकलंच माझं. त्या कॅमेरावाल्यापायी तुला विसरलो."

"विसरलास काय! मोजायला हवं होतं," ती म्हणाली आणि हसली.

धक्क्याला होडी लागली. एकेकजण उतरायला लागला. इथेही मास्तर रोज मोजायचे. तांडेल दोर हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. मास्तर लेकीचा हात धरून उतरले आणि नाकासमोर बघत खोलीकडे चालू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान वळवली नाही.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची बस. स्वच्छ ऊन पडलं होतं. मास्तरांनी तिची बॅग वर चढवली, केळी दिली, पाण्याची बाटली दिली, पुन्हा केळी द्यायला निघाले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पुरे. माकड आहे का मी?" शेजारची जागा रिकामी होती, तिथे तिनं हातातली पिशवी ठेवली. "मी एकटी व्यवस्थित जाईन. तू जेव वेळेवर."

मास्तर खाली उतरून खिडकीखाली उभे राहिले. बस सुटायच्या आधी कंडक्टर माणसं मोजत मागपर्यंत गेला. हातातल्या तिकिटांकडे बघितलं. पुन्हा पुढून मागे मोजत गेला. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याची मोजणी चुकलेली लांबूनही कळते.

"काय झालं हो?" ड्रायव्हरनं विचारलं.

"एक जास्त भरतोय," कंडक्टर म्हणाला. मग खांदे उडवले. "जाऊ दे. माझंच काही तरी चुकत असेल." आणि घंटी मारली.

"थांबा!" मास्तर ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? बस वळली. खिडकीतून ठमी हात हलवत होती. तिची पिशवी आता शेजारच्या जागेवर नव्हती. तिनं ती मांडीवर घेतली होती, शेजारी कोणी येऊन बसलं की आपण घेतो तशी.

मास्तर धावले. चौकापर्यंत धावले, पुढे जमेना, तेव्हा धापा टाकत फोन लावला.

"अरे, पळतोयस काय रस्त्यात! बघितलं मी," ती हसत म्हणाली. "काळजी करू नकोस. सोबत मिळालीय मला."

"कोण... कोण बसलंय?"

तिनं आवाज खाली आणला. "आहेत एक जण. बोलत नाहीत फारसं. बिचारे नखशिखांत भिजलेत, एवढ्या उन्हाचे. मी विचारलं, कुठे उतरणार, तर माझ्याकडेच बोट दाखवलं. माझ्याच गावी असेल घर."

"ठमे, ऐक." मास्तर रस्त्यातच खाली बसले. "काल कोठीत तुला नेलं ना, तो मी नव्हतो. मी खोटं बोललो. तू परत यावंस म्हणून खोटं बोललो. तो मी नव्हतो, पोरी. उतर तू. आत्ताच्या आत्ता उतर!"

ती बोलली ती अगदी लहानपणीच्या आवाजात.

"ए बाबा," ती म्हणाली, "यांनी माझा हात धरलाय."